रॅप कुणाचा, खरा कोणता? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात इंदूरच्या कॉलेजमधल्या मराठी मुलांच्या रॅपवर छोटासा लेख छापला होता आणि खाली म्हटलं होतं की प्रश्न असतील तर पाठवा, तर एवढे आलेत की या महिन्यात दुसरा कुठला विषय घेतच नाहीये. सगळ्यांना जागा देता येत नाही म्हणून सहा निवडलेत. नावं छापलेली नाहीत, बऱ्याच जणांनी तसं सांगितलंच होतं.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे, बारावीपासून रॅप लिहितोय. मित्र म्हणतात तुझ्या लाइफमधे स्ट्रगलच नाही तर तू कसला रॅपर. तसं खरं पण आहे, बाबा बँकेत, घर स्वतःचं, आजोबा मिलमधे होते ते आता नाहीत, बाकी सांगण्यासारखं काही नाही. गल्ली, पोलीस, चाकू असलं लिहिलं तर फेक वाटेल का? दुसरं म्हणजे माझी मराठी इंदूरची, मधे मधे हिंदी येतेच, पुण्याच्या एका मुलानं कमेंट केली की आधी मराठी शिक. मग सरळ हिंदीत लिहू का? काही ओळी सोबत पाठवतोय. – लोकमान्यनगर

उत्तर : चाकू आणि पोलीसवाल्या ओळी आधी काढून टाक. त्या तुझ्या नाहीत हे वाचताक्षणी कळतं, कारण त्यांच्यात काहीच दिसत नाही, कुठली गल्ली, कुठला पोलीस, काय झालं होतं, काही नाही, सगळं सिनेमातून आलेलं. २०१९ ला मुंबईच्या रॅपर्सवरचा गली बॉय सिनेमा आला तेव्हापासून कितीतरी चांगल्या घरातली मुलं अचानक झोपडपट्टीत वाढल्यासारखी बोलायला लागली. मुंबईचा रॅपर डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरबद्दल बोलतो कारण तो तिथला आहे. नेझी कुर्ल्याचा, त्यानं २०१४ ला पहिला व्हिडिओ एका आयपॅडवर केला, रेकॉर्डिंग पण त्यावरच आणि शूटिंग पण त्यावरच, आणि तो लोकांना भिडला कारण त्यात खरंखुरं कुर्ला होतं. तू कुर्ला उसनं आणलंस तर तुझ्याकडे फक्त आवाज उरतो.

आता स्ट्रगलचं. गरिबी असल्याशिवाय रॅप होत नाही हे तुझ्या मित्रांना कुणी सांगितलं माहीत नाही पण ते चूक आहे. पब्लिक एनिमी ग्रुपचा चक डी लाँग आयलंडचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या उपनगरातला, अडेल्फी युनिव्हर्सिटीत ग्राफिक डिझाइन शिकलेला मुलगा, आणि अमेरिकेतला सगळ्यात जळजळीत राजकीय रॅप त्यानं केला. डी ला सोलवाले पण लाँग आयलंडचेच. रन-डीएमसी ज्या हॉलिसमधून आले ती क्वीन्समधली नोकरदार मध्यमवर्गीयांची वस्ती. कान्ये वेस्टची आई इंग्रजीची प्रोफेसर होती आणि २००४ चा त्याचा पहिला अल्बम कॉलेज सोडण्याबद्दल आणि कपड्यांच्या दुकानातल्या कंटाळवाण्या नोकरीबद्दल बोलतो. यांच्यापैकी कुणी आपल्या घराबद्दल खोटं बोलत बसलं नाही.

खोटं बोलला तो व्हॅनिला आइस नावाचा गोरा रॅपर. १९९० ला त्याचं गाणं अमेरिकेच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेलं, रॅपचं असं पहिलंच, आणि त्याच्या नावानं छापलेली माहिती सांगत होती की तो मायामीच्या रस्त्यांवर मारामाऱ्या करत वाढला. पेपरवाल्यांनी शोधून काढलं की पोरगा बराचसा डॅलसच्या बाजूच्या चांगल्या उपनगरात वाढलेला. मग जे व्हायचं ते झालं. एमिनेम पण गोराच, पण तो डेट्रॉइटमधल्या स्वतःच्या हालांबद्दलच बोलला, स्वतःच्या आईबद्दल, स्वतःच्या मुलीबद्दल, म्हणून त्याला लोकांनी मानलं. हे पण खरं की लोकांचा न्याय नेहमी सारखा नसतो, रिक रॉस ड्रग्जच्या धंद्याची गाणी गायचा आणि २००८ ला उघडकीला आलं की तो आधी जेलमधे गार्डची नोकरी करत होता, सुरुवातीला त्यानं नाकारलं पण, तरी त्याचं करिअर चालूच राहिलं. म्हणजे खोटं खपून जातं कधी कधी. पण मी तुला खपवायचं कसं ते सांगायला बसलेले नाही.

तुझ्या पत्रातलं जे वाक्य वाचून मी थांबले ते म्हणजे "आजोबा मिलमधे होते ते आता नाहीत, बाकी सांगण्यासारखं काही नाही". अरे, तेच तर सांगण्यासारखं आहे! हे शहर मिलवर उभं राहिलं. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, जवळपास ४८०० कामगारांची देणी अडकली, तीस वर्षांच्या वर भांडण चाललं आणि डिसेंबर २०२३ मधे २२४ कोटी रुपये मोकळे झाले तेव्हा कितीतरी कामगार हयातच नव्हते, पैसे घ्यायला बायका आणि मुलं आली. तुझे आजोबा कुठल्या मिलमधे होते, कुठल्या खात्यात, कुठली पाळी करायचे, भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा का, मिल बंद झाली त्या महिन्यात घरी काय शिजलं, तुझे बाबा तेव्हा कितवीत होते आणि त्यांना बँकेचीच नोकरी का हवीशी वाटली, हे घरी विचारलंयस का कधी? चेन्नईकडच्या अरिवूनं २०२१ ला आपल्या आजीची गोष्ट रॅपमधे आणली, ती श्रीलंकेत चहाच्या मळ्यात मजुरी केलेली बाई, आणि ते गाणं तमिळ न येणाऱ्यांनी पण डोक्यावर घेतलं. आजोबांचं दुःख तू भोगलंस असं भासवायचं नाही, तू नातू म्हणून सांग, बँकवाल्या घरात वाढलेला नातू म्हणून, ते जास्त खरं होईल.

भाषेचं सांगते आणि हे मी अगदी ठामपणे सांगते, हिंदीत लिहायचं तर मनात हिंदी आली म्हणून लिही, कुणा पुणेकराच्या कमेंटला घाबरून नको. आपण दोनशे वर्षांच्या वर इथे राहून राहिलो, आपली मराठी अशीच आहे, तिच्यात "अपन" येणार, "भिया" येणार, "काय करून राहिला" येणार. पुण्याचा एमसी स्टॅन तरी कुठे पुस्तकी बोलतो, तो त्याच्या वस्तीतलंच बोलतो आणि तेच देशभर चाललं. तुझ्या बारा ओळींमधली एकच ओळ मला पाठ झाली : "आई मराठीत रागावते, मी हिंदीत सॉरी म्हणतो". ही टाळ्या देऊन म्हणून बघ, पहिली टाळी आईवर, दुसरी रागावतेच्या "रा"वर, तिसरी "हिं"वर आणि चौथी "सॉ"वर, बरोब्बर एक बार, म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन, भरतो, मराठीत आणि हिंदीत हे दोन्ही शब्द एकमेकांना उत्तर दिल्यासारखे बसतात, आणि ही ओळ पुण्यातला मुलगा लिहूच शकत नाही कारण त्याच्या घरी असं घडतच नाही. अशा सोळा ओळी कर आणि मला पाठव.

प्रश्न : माझं वय ७४. नातू दिवसभर कानात ते रॅप घालून बसतो. मला व्हॉट्सॲपवर आलं की रॅप हा मुळात आपल्या पोवाड्यातून तिकडे गेला. आमच्या लहानपणी कलगी-तुऱ्याचे सामने रात्र रात्र चालत, त्यातही एकमेकांना सवाल टाकायचे. मग आपलंच सोनं सोडून अमेरिकेची नक्कल कशासाठी? – राजेंद्रनगर

उत्तर : काका, नमस्कार. तुमचं कलगी-तुऱ्याचं वाचून फार आनंद झाला, आता ते ऐकलेली माणसंच कमी राहिलीत. पण व्हॉट्सॲपवरचं ते खरं नाही, आणि ते पुढे पाठवू नका अशी विनंती, कारण त्यात दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय आपण घेऊन टाकतो.

हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्याचा एक भाग आहे त्या सगळ्या प्रकाराचा, जन्म कुठे झाला ते पत्त्यासकट माहीत आहे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स भाग, १५२० सेजविक ॲव्हेन्यू नावाची बिल्डिंग. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिनं बिल्डिंगच्या हॉलमधे पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट, आणि गाणी वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला लोक कूल हर्क म्हणायचे. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात मधे जो थोडाच वेळ फक्त ड्रम वाजतो त्यावर पोरं सगळ्यात जास्त नाचतात. म्हणून त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर ठेवल्या, एकीवरचा ड्रमचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच तुकडा सुरू, तोवर पहिलीची सुई हातानं मागे, आणि असं करत तो काही सेकंदांचा तुकडा मिनिटं मिनिटं लांबवला. वर माइकवर कुणीतरी बोलत राहायचं. तुमच्या नातवाच्या कानात जे वाजतं त्याची मुळं त्या हॉलमधे आहेत.

हा हर्क मूळचा जमैकाचा, किंग्स्टनमधे जन्मलेला, आणि तिकडे रस्त्यावर मोठमोठे स्पीकर लावून रेकॉर्डवर बोलायची पद्धत आधीच होती. ब्रॉंक्समधली प्वेर्तो रिकन मुलं यात पहिल्यापासून होती, नाचात तर फारच. आणि हे सगळं कुठे चाललं होतं, तर ज्या भागातून मोठा हायवे काढून हजारो कुटुंबं उठवली होती, घरमालक विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या बिल्डिंगींना आग लावत होते, नोकऱ्या गेल्या होत्या, त्या भागात. त्या मुलांनी पोवाडा ऐकला नव्हता काका, त्यांना गरज पडली आणि जवळ होतं त्यातून त्यांनी हे केलं.

पण तुम्हाला जे साम्य दिसलं ते दिसायलाच हवं, ते खोटं नाही. अफझलखानाच्या वधावर अगिनदासानं पोवाडा रचला तेव्हा तो लोकांपर्यंत बातमीच पोचवत होता, डफ, तुणतुणं आणि मागे "जी जी" म्हणणारे झीलकरी. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगारवस्तीत जाऊन कामगारांचंच जगणं त्यांना ऐकवलं. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर तेच केलं. आणि आपण तर मालव्यातले, इकडे तुर्रा-कलगी चंगावर, म्हणजे डफासारख्या वाद्यावर, गायचे, म्हणजे आपल्या घरात हा सामना दोन्ही बाजूंनी आलेला आहे. दडपलेल्या माणसाला ठेका मिळाला की तो बोलतोच, मग तो ब्रॉंक्समधे असो की परळला की परदेशीपुऱ्यात.

नक्कल केव्हा होते याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्या इथून तासाभरावर देवासला आहे. कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, बेळगावकडचे, कानडी घरातले, १९४८ ला क्षयामुळे हवापालटासाठी देवासला आले आणि काही वर्षं गाता येत नव्हतं तेव्हा आजूबाजूच्या बायका, दारावरून जाणारे जोगी काय गातात ते ऐकत राहिले. ते मालवी नव्हते. पण त्यांनी ऐकलं, लिहून घेतलं, त्यातून नवे राग उभे केले आणि मैफलीत मालव्याची लोकगीतं मालव्याची म्हणूनच मांडली. कुणी त्याला नक्कल म्हटलं नाही, म्हणणारही नाही. नातवानं ब्रॉंक्सकडून ठेका घ्यावा, तो कुठून आला ते त्याला माहीत असावं, आणि बोलावं मात्र राजेंद्रनगरचं. मुंबईचा स्वदेसी नावाचा ग्रुप त्याला ऐकवायला सांगा, त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, २०१९ ला आरेच्या जंगलासाठी त्यांनी तिथल्याच आदिवासी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन गाणं केलं. ते तुम्ही पण ऐका, तुम्हाला त्यात ओळखीचं काहीतरी लागेल. आणि त्या कलगी-तुऱ्याचे सवाल जेवढे आठवत असतील तेवढे नातवाला फोनवर रेकॉर्ड करू द्या, लवकर.

प्रश्न : लताबाई आपल्या इंदूरच्या. एका अमेरिकन रॅपवाल्यानं त्यांचा आवाज चोरून गाणं केलं आणि करोडो कमावले, कुणी काही केलं नाही, असं ऐकलं. खरं आहे का? म्हणजे हे लोक चोरच ना? – रामबाग

उत्तर : अर्धं खरं आहे. गाणं २००२ चं, ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं, त्यात रकीम नावाच्या रॅपरचा रॅप, आणि डीजे क्विक नावाच्या प्रोड्यूसरनं त्याखाली लताबाईंचं "थोडा रेशम लगता है" लावलं, १९८१ च्या ज्योती सिनेमातलं, संगीत बप्पी लाहिरी. इथे तिथे एखादा सूर नाही, जवळपास अख्ख्या गाण्यात लताबाईंचा आवाज फिरत राहतो, खरं तर तो काढला तर गाण्यात फार काही उरत नाही. गाणं तिकडे टॉप टेनमधे गेलं आणि आपल्या लोकांचं नाव कुठेच नव्हतं. पण कुणी काही केलं नाही हे बरोबर नाही, आपल्याकडून केस झाल्या, आणि २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या कोर्टानं सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ती सीडी पुढे विकायची नाही.

मला याचा राग येतो, तुमच्याइतकाच येतो. १९२९ ला याच शहरात जन्मलेल्या बाईचा गळा, आणि तिकडच्या ऐकणाऱ्याला तो फक्त "ओरिएंटल आवाज". पण चोर म्हणून सगळ्या हिपहॉपला एका दोरीत बांधायच्या आधी ही एक गोष्ट ऐका. १९६९ ला विन्स्टन्स नावाच्या बँडनं एक रेकॉर्ड काढली, तिच्यात जेमतेम सहा सेकंदांचा ड्रमचा तुकडा आहे, वाजवणारा ग्रेगरी कोलमन. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, हिपहॉपमधे, इंग्लंडच्या डान्स म्युझिकमधे, जाहिरातींत, तुम्ही पण तो नक्की ऐकलाय, आणि कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही, २००६ ला तो अत्यंत गरिबीत वारला. काळा माणूस, काळ्यांचंच संगीत, आणि तरी हे झालं. म्हणजे प्रश्न अमेरिका विरुद्ध इंदूर असा नाहीये, जो वाजवतो, गातो त्याचं नाव आणि पैसा मधल्या मधे गळतो असा आहे. १९९१ ला बिझ मार्कीच्या केसमधे न्यूयॉर्कच्या कोर्टानं निकाल दिला आणि तेव्हापासून कंपन्या सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधून घेतलेल्या तुकड्याची, परवानगी काढायला लागल्या, त्याआधी सरळ उचलायचे. नीट केलेली उदाहरणं पण आहेत, ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपनं २००५ ला आशाताईंच्या "ये मेरा दिल"चा भाग घेतला त्यात कल्याणजी-आनंदजींचं नाव गीतकार-संगीतकारांत आहे.

आणि आपली बाजू पण बघायला हवी. १९९२ ला बाबा सेहगलच्या ज्या थंडा पाणीवाल्या गाण्यावर सगळे नाचलो त्याचा बेस व्हॅनिला आइसच्या गाण्याचा, आणि व्हॅनिला आइसनं तो क्वीन आणि डेव्हिड बोवीकडून न विचारता घेतलेला, नंतर भांडण झाल्यावर नाव द्यावं लागलं. आपल्या सिनेमांनी जगभरातून किती चाली घेतल्या आणि नाव न देता घेतल्या हे जुन्या गाण्यांचे शौकीन जाणतातच. एवढंच कशाला, वर ज्या अरिवूचं सांगितलं त्याच्या त्याच गाण्याचं कौतुक करताना रोलिंग स्टोन इंडिया या मासिकानं ऑगस्ट २०२१ च्या कव्हरवर त्यालाच घेतलं नव्हतं, लोकांनी ओरड केली तेव्हा त्याचं वेगळं कव्हर निघालं. ज्यानं आपल्या आजीचं आयुष्य त्यात ओतलं तोच बाहेर! आणि मासिक तर आपल्याच देशातलं.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. ढगळे टीशर्ट, गळ्यात चेन, घरात पण अमेरिकन ॲक्सेंट काढून बोलतो, ते एक वेळ चालेल, पण रॅप म्हणताना आणि मित्रांना हाक मारताना तो काळ्या लोकांसाठीचा एक शिवीसारखा शब्द वापरतो. मी टोकलं तर म्हणतो गाण्यातच आहे, त्यात काय. यांना काय करावं? – एक आई, सुदामानगर

उत्तर : कपडे आणि चेन सोडून द्या, त्या वयात प्रत्येक पिढीनं काही ना काही घातलंय. ॲक्सेंट पण जाईल. शब्दाचं मात्र सोडू नका, तुमचं अगदी बरोबर आहे.

तो शब्द गुलाम म्हणून विकलेल्या माणसांना मालक हाक मारताना वापरायचे, झाडाला लटकवून मारताना जमाव ओरडायचा. त्याच लोकांच्या नातवंडांनी तो आपसात वापरून त्याची धार थोडी बोथट केली, आणि त्यांच्यातले कितीतरी जण आजही म्हणतात की आम्ही पण वापरू नये. ते त्यांचं आपसातलं भांडण आहे, आपल्या घरच्या दहावीच्या पोराचं त्यात काम नाही. रॅपर केंड्रिक लमार, ज्याला २०१८ ला पुलित्झर मिळालं, त्यानं त्याच वर्षी अलाबामातल्या एका कार्यक्रमात एका गोऱ्या मुलीला स्टेजवर गायला बोलावलं, ती त्याचंच गाणं म्हणत होती आणि तो शब्द तिनं जसाच्या तसा म्हटला तर त्यानं गाणं थांबवलं आणि सांगितलं की तेवढा शब्द गाळायचा. मुलाला हा किस्सा सांगा, त्याला केंड्रिक माहीत असणारच, आईचं ऐकणार नाही पण त्याचं ऐकेल.

तरी नाही पटलं तर त्याला आपल्याकडचं विचारा. आपल्याकडे जातीवरून हिणवायचे शब्द आहेत, जे कुणी बाहेरच्यानं उच्चारले तर कायद्यानं गुन्हा होतो आणि व्हायलाच हवा. समजा उद्या कुणी परदेशी मुलगा एखादं दलित शाहिराचं गाणं ऐकून तो शब्द मित्रांना हाक मारायला वापरायला लागला, गाण्यातच होता म्हणून, तर तू त्याला काय सांगशील? यावर त्याला उत्तर शोधू द्या, तुम्ही मधे बोलू नका, थोडा वेळ लागेल.

आणि एक, त्याची गाणी बंद करू नका. ज्याला केंड्रिक आवडतो त्या मुलाला गुलामगिरीचा इतिहास शिकवायला सगळ्यात सोपी वाट तुमच्या घरात आपोआप आलेली आहे. एखाद्या रविवारी त्याच्याशेजारी बसून एक गाणं अर्थ विचारत विचारत ऐका, त्याला समजावून सांगावं लागेल तेव्हा तो स्वतःच नीट वाचेल.

प्रश्न : माझा मित्र चॅटजीपीटीकडून रॅप लिहून घेतो आणि कॉलेजमधे स्वतःचा म्हणून म्हणतो, टाळ्या पण मिळतात. बाकीच्या गाण्यांत गीतकार वेगळा असतोच ना, मग यात काय वाईट? – विजयनगर

उत्तर : सिनेमाच्या गाण्यात गीतकाराचं नाव छापतात आणि गायक "हे माझं आयुष्य आहे" असा दावा करत नाही. रॅपर माइक घेऊन "मी" म्हणतो, तिथेच फरक पडतो. हे भांडण रॅपच्या पहिल्या हिट गाण्यापासूनचं आहे. १९७९ ला रॅपर्स डिलाइट आलं, त्यातल्या बिग बँक हँकनं आपल्या ओळखीच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या ओळी घेतल्या, आणि इतक्या जशाच्या तशा घेतल्या की कॅझ स्वतःचं नाव कॅसानोव्हा असं अक्षरं सुटी करून म्हणायचा ती अक्षरं पण हँक स्वतःचं वर्णन म्हणून म्हणून गेला! गाणं जगभर गेलं, कॅझला नाव मिळालं नाही, पैसे मिळाले नाहीत. इतकी वर्षं झाली तरी हिपहॉपवाले ते विसरलेले नाहीत. २०१५ ला ड्रेक या रॅपरवर दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचा आरोप झाला तर केवढा गदारोळ झाला.

मित्राला सांग, यमक शोधायला मदत घे, शब्द अडला तर घे, पण म्हणताना सांगून टाक की हे मी लिहिलेलं नाही. नाहीतर त्याला एवढंच म्हण, तुझ्या घरातली एक गोष्ट, जी मशीनला माहीतच नाही, तिच्यावर आत्ता चार ओळी म्हणून दाखव.

प्रश्न : ताई मी नववीत आहे, मला ब्रेकिंग, म्हणजे हिपहॉपचा नाच, शिकायचंय. क्लासमधे वेस्टर्न म्हणून सगळं एकत्र शिकवतात. आजी म्हणते मुलींचं काम नाही आणि आपलं पण नाही. – नंदानगर

उत्तर : आजीला सांग की २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमधे ब्रेकिंग होतं आणि मुलींचं गोल्ड आमी नावाच्या जपानी मुलीनं जिंकलं, मुलांचं फिल विझार्ड नावाच्या कॅनडाच्या मुलानं. दोघंही ब्रॉंक्सचे नाहीत, पण दोघांनी वर्षानुवर्षं बॅटल, म्हणजे नाचाचे समोरासमोर सामने, करून त्या नाचाचा पाया पक्का केला. त्याच ऑलिंपिकमधे ऑस्ट्रेलियाच्या रेगनला एक पण पॉइंट मिळाला नाही आणि जगभर तिची फार टिंगल झाली, ती तू करू नकोस, पण बेसिक किती महत्त्वाचं असतं ते बघायला तिचा आणि आमीचा व्हिडिओ एकामागे एक लाव.

सरांना विचार की वेस्टर्न नको, आधी टॉपरॉक शिकवाल का, म्हणजे उभं राहून करायच्या स्टेप, मग जमिनीवर हात टेकून पायांचं काम, मग फ्रीझ, म्हणजे एका पोझमधे थिजून राहणं. डोक्यावर फिरायची घाई करू नकोस, मान दुखावली तर कायमची भानगड. गुडघ्याला पॅड घाल, मनगटं आधी गरम कर, आणि कडप्प्यावर नको, घरात सतरंजी टाकून पण नको ती सरकते, क्लासमधल्या मॅटवरच. सरांना येत नसेल तर ते पण चालेल, कूल हर्कच्या पार्टीत पण कुणी सर नव्हते, मुलं एकमेकांचं बघून शिकली. दोन मैत्रिणी तयार कर.